ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर 'लाइन ऑफ बेस्ट फिट': सहा जनगणना, एक सरळ रेषा

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी जनगणना झाली. तेव्हापासून २०११पर्यंत राज्याच्या सहा जनगणनांचे आकडे आपल्याजवळ आहेत. सातवी २०२१ला व्हायची होती, ती कोविडमुळे पुढे गेली. मग २०२१मध्ये महाराष्ट्रात किती माणसं होती? मोजदाद नाही, तेव्हा अंदाजच बांधावा लागतो. त्याची सगळ्यात साधी रीत म्हणजे सहा ठिपके कागदावर मांडायचे, त्यांच्या कलाला धरून एक सरळ रेषा ओढायची आणि ती पुढे वाढवून बघायची.

ही रेषा पट्टी ठेवून नजरेनंही काढता येते. पण दहा जणांनी काढली तर दहा वेगवेगळ्या रेषा होतील. त्यातली 'सर्वांत चांगली' कोणती, हे ठरवायला नियम लागतो. तो नियम फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५मध्ये छापून प्रसिद्ध केला: प्रत्येक ठिपक्याचं रेषेपासूनचं उभं अंतर मोजा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, आणि ज्या रेषेसाठी ही बेरीज सगळ्यात लहान येईल ती रेषा घ्या. हीच 'लाइन ऑफ बेस्ट फिट'. वर्ग केल्यामुळे रेषेच्या वरचे आणि खालचे ठिपके एकमेकांना खोडून काढत नाहीत, आणि लांबच्या ठिपक्याचा भार जास्त पडतो. हा दुसरा परिणाम लक्षात ठेवा, पुढे त्याचा फटका कसा बसतो ते दिसेल.

ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेखही काढणारं यंत्र, ही बेरीज क्षणात लहानात लहान करून देतं. बटणं कोणती दाबायची ते सविस्तर सांगतेच. पण बारावीच्या आणि परदेशातल्या मुलांना हा भाग शिकवताना एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. कॅल्क्युलेटर कुठल्याही आकड्यांना रेषा देतं. त्या आकड्यांना रेषा शोभते की नाही, हे ते सांगत नाही. म्हणून बटणं दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर काय बघायचं, यावर या लेखात जास्त भर आहे.

आकडे आधी नीट मांडा

जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या, कोटींत, दोन दशांश स्थळांपर्यंत:

१९६१: ३.९६
१९७१: ५.०४
१९८१: ६.२८
१९९१: ७.८९
२००१: ९.६९
२०११: ११.२४

आडव्या अक्षावर काय आणि उभ्यावर काय, ते सगळ्यात आधी ठरवायचं. ज्याच्यावरून अंदाज बांधायचा ते आडवं, म्हणजे एक्स. ज्याचा अंदाज बांधायचा ते उभं, म्हणजे वाय. इथे सालावरून लोकसंख्या काढायची आहे, तेव्हा साल एक्स आणि लोकसंख्या वाय. उलट केलंत तर रेषाही वेगळी येते, कारण नियम उभ्या अंतरांचा आहे, आडव्यांचा नाही.

आता साल जसंच्या तसं १९६१, १९७१ असं भरू नका. १९६१ला ० धरा, १९७१ला १०, आणि असं करत २०११ला ५०. पुष्कळ मुलांना ही निव्वळ सोय वाटते. ती सोयीपेक्षा बरीच मोठी गोष्ट आहे, त्याचा हिशेब अंदाजाच्या भागात मांडला आहे.

लोकसंख्या कोटींत भरायची की पूर्ण आकडा, हा निर्णय तुमचा. मी कोटीच घेते, कारण नऊ अंकी संख्या भरताना एखादा अंक हमखास सुटतो. जे एकक घ्याल ते वहीत आकड्यांच्या डोक्यावर लिहून ठेवा. पडद्यावर कोटी, लाख काही दिसत नाही, नुसते अंक दिसतात.

टीआय-८४ प्लसवर, पायरीपायरीने

अमेरिकेतल्या शाळांमध्ये हे यंत्र जुनं आणि सर्वपरिचित आहे. तिथल्या मराठी घरांतून येणारे प्रश्न बहुधा याच्याबद्दलचे असतात, म्हणून ते आधी घेते. टीआय-८३ प्लसवरही बटणं जवळपास हीच आहेत.

१. 'स्टॅट' दाबा, मग १ दाबून 'एडिट' उघडा. 'एल१', 'एल२' असे रकाने दिसतील. त्यात जुने आकडे असतील तर बाणाने वर जाऊन 'एल१' या नावावरच कर्सर न्या, 'क्लिअर' दाबा आणि मग 'एंटर'. इथे 'डेल' दाबायचं नाही. 'डेल'ने आकडे पुसले जात नाहीत, अख्खा रकानाच पडद्यावरून नाहीसा होतो. चुकून झालंच तर 'स्टॅट', मग ५ 'सेटअपएडिटर', मग 'एंटर'. रकाना परत जागेवर येतो.

२. 'एल१'मध्ये ०, १०, २०, ३०, ४०, ५० भरा. प्रत्येक अंकानंतर 'एंटर'. 'एल२'मध्ये ३.९६पासून ११.२४पर्यंत. भरून झाल्यावर एकदा वहीशी ताडून पाहा, विशेषतः दशांश चिन्ह.

३. 'सेकंड' आणि मग 'वाय=' दाबा. 'स्टॅट प्लॉट'चा पडदा येईल. पहिला प्लॉट उघडून 'ऑन' करा. 'टाइप'मध्ये सुट्या ठिपक्यांचं पहिलं चित्र निवडा. 'एक्सलिस्ट' एल१ आणि 'वायलिस्ट' एल२ आहे ना, ते बघा. नसेल तर 'सेकंड' आणि १ दाबलं की एल१ उमटतं, 'सेकंड' आणि २ ने एल२.

४. साध्या 'वाय=' पडद्यावर जुनी समीकरणं पडून असतील तर ती पुसा. नाहीतर गेल्या आठवड्यातला पॅराबोला आज तुमच्या ठिपक्यांमधून जाताना दिसेल.

५. 'झूम' आणि ९ दाबा. 'झूमस्टॅट' ठिपक्यांच्या मापाने खिडकी आपोआप बेतून देतं.

आता थांबा आणि चित्र बघा. शिकवताना ही पायरी गाळलेली मला चालत नाही. ठिपके साधारण एका सरळ ओळीत आहेत का? एखादा भलतीकडे उडालेला दिसतो का? ओळ कुठे वाकते आहे का? आपले सहा ठिपके डावीकडून उजवीकडे नीट चढत जातात. बारकाईने बघितलं तर मधले जरा खाली दबलेले वाटतात. ती शंका मनात ठेवून पुढे जाऊ.

६. 'स्टॅट' दाबा, उजव्या बाणाने 'कॅल्क'वर या आणि ४ दाबा: 'लिनरेग(एएक्स+बी)'. नव्या यंत्रांवर एक छोटा अर्ज भरायचा असतो. एक्सलिस्ट एल१, वायलिस्ट एल२, 'फ्रेकलिस्ट' रिकामा. 'स्टोअर रेगईक्यू'समोर 'वाय१' लिहायचं, ते अक्षरं टाइप करून लिहिता येत नाही. 'व्हार्स' दाबा, उजवीकडे 'वाय-व्हार्स', मग १, पुन्हा १. मग खाली 'कॅल्क्युलेट'वर येऊन 'एंटर'.

जुन्या यंत्रांवर हा अर्ज येत नाही, 'लिनरेग(एएक्स+बी)' एवढंच मुख्य पडद्यावर उमटतं. त्याच्यापुढे एल१, स्वल्पविराम, एल२, स्वल्पविराम, वाय१ असं स्वतः लिहून 'एंटर' करायचं.

पडद्यावर हे दिसायला हवं:

ए = .१४८४५७१४२९
बी = ३.६३८५७१४२९
आर-वर्ग = ०.९९२२च्या आसपास
आर = ०.९९६१च्या आसपास

हे यंत्र दशांश चिन्हाआधीचं शून्य दाखवत नाही, तेव्हा '.१४८' म्हणजे ०.१४८. ए म्हणजे रेषेचा चढ आणि बी म्हणजे अंतःखंड, म्हणजे एक्स शून्य असताना रेषेची उंची. आर आणि त्याचा वर्ग आर-वर्ग यांवरून ठिपके रेषेला किती चिकटून आहेत ते कळतं, त्याबद्दल पुढे. आता 'ग्राफ' दाबलंत की ठिपक्यांमधून गेलेली रेषा दिसेल, कारण समीकरण वाय१मध्ये साठवलेलं आहे.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीचा मागे रात्री उशिरा फोन आला होता. "मावशी, माझ्या कॅल्क्युलेटरवर आर येतच नाही. बिघडलंय का?" यंत्र ठणठणीत होतं. टीआयवर आर आणि आर-वर्ग दाखवण्याची सोय बंद असू शकते, आणि यंत्राची मेमरी रिसेट केली की ती पुन्हा बंद होते. परीक्षेआधी शाळेत मेमरी पुसून घेतात, त्यामुळे हा अनुभव नेमका परीक्षेच्या दिवशी येतो. उपाय असा: नव्या यंत्रात 'मोड' उघडून खाली 'स्टॅट डायग्नॉस्टिक्स' 'ऑन' करायचं. जुन्यात 'सेकंड' आणि ० दाबून 'कॅटलॉग' उघडायचा, यादीत खाली जाऊन 'डायग्नॉस्टिकऑन' शोधायचं आणि दोनदा 'एंटर' करायचं. मग सहावी पायरी पुन्हा.

कॅसिओ, साधं सायंटिफिक आणि डेस्मॉस

कॅसिओच्या एफएक्स-९७५० किंवा एफएक्स-सीजी५०सारख्या ग्राफिंग यंत्रांवर काम आणखी सुटसुटीत आहे, कारण सगळं एका जागी आहे. 'मेनू'तून 'स्टॅटिस्टिक्स' उघडा, लिस्ट १ आणि लिस्ट २ भरा. 'एफ१'ने ग्राफ, पुन्हा 'एफ१'ने पहिला ग्राफ, की ठिपके आले. तिथेच 'एफ१'ने 'कॅल्क', 'एफ२'ने 'एक्स', म्हणजे सरळ रेषा, आणि 'एफ१'ने 'एएक्स+बी'. आर, आर-वर्ग इथे न मागता मिळतात. शिवाय 'एमएसई' नावाचा एक आकडा येतो. आपल्या उदाहरणात तो ०.०७५८ आहे. त्याचं वर्गमूळ घ्या: ०.२७५, म्हणजे २७.५ लाख. आपले ठिपके रेषेपासून साधारण एवढे दूर असतात. मला हा आकडा आरपेक्षा जास्त बोलका वाटतो, कारण तो माणसांत मोजलेला आहे. शेवटी 'एफ६'ने 'ड्रॉ' केलं की रेषा उमटते.

इंजिनिअरिंगच्या मुलांच्या दप्तरात असतं ते एफएक्स-९९१ ग्राफ काढत नाही, पण रेषा नक्की काढतं. ईएस प्लसवर 'मोड', 'स्टॅट', मग 'ए+बीएक्स' निवडा, तक्ता भरा, 'एसी' दाबा, मग 'शिफ्ट' आणि १ दाबून 'रेग' लिहिलेला पर्याय उघडा. तिथे ए, बी, आर एकेक करून मिळतात. इथे एक सापळा आहे. टीआयच्या चौथ्या पर्यायात ए म्हणजे चढ आणि बी म्हणजे अंतःखंड. या कॅसिओवर नेमकं उलट: ए म्हणजे अंतःखंड आणि बी म्हणजे चढ. मित्राचं उत्तर आणि आपलं उत्तर अदलाबदल झाल्यासारखं दिसलं तर आधी समीकरणाचं रूप बघा.

हातात यंत्रच नसेल तर फोनवर डेस्मॉस हे ग्राफिंग कॅल्क्युलेटर उघडा, ते फुकट आहे. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या सध्याच्या डिजिटल सॅट परीक्षेतही तेच दिलेलं असतं, तेव्हा त्या परीक्षेला बसणाऱ्यांनी सवय करून ठेवावी. त्यात 'टेबल' घेऊन दोन रकाने भरायचे. मग नव्या ओळीत रकान्यांची नावं वापरून समीकरण लिहायचं: वाय-एक, मग बरोबरच्या चिन्हाऐवजी लाटेसारखं '~' चिन्ह, मग एम गुणिले एक्स-एक अधिक बी. 'एक' हे लहान अंक एक्स आणि वायच्या पायाशी यायला हवेत, तरच ते तुमच्या रकान्यांकडे बघतं. ही लाट म्हणजे 'जमेल तितकं जवळ आण' असं सांगणं.

आकड्यांचा अर्थ मराठीत सांगा

समीकरण असं आलं: वाय = ०.१४८५ एक्स + ३.६३८६.

चढ ०.१४८५ म्हणजे काय? एकक जोडून वाचा: वर्षाला ०.१४८५ कोटी, म्हणजे साधारण १४ लाख ८५ हजार. या पन्नास वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या दर वर्षी सरासरी एवढ्यानं वाढत होती, असं ही रेषा म्हणते. अंतःखंड ३.६३८६ म्हणजे एक्स शून्य असताना, अर्थात १९६१मध्ये, रेषेच्या मते लोकसंख्या ३.६४ कोटी होती. प्रत्यक्ष मोजणीत ती ३.९६ कोटी होती. रेषा पहिल्याच ठिपक्याच्या ३२ लाख खाली आहे. रेषेनं ठिपक्यांतून जायलाच हवं असं नाही, एकाही ठिपक्यातून न जाणारी रेषाही सर्वोत्तम असू शकते. ती हमखास जाते ती सरासरीच्या बिंदूतून. एक्सची सरासरी २५, वायची सरासरी ७.३५. समीकरणात २५ घाला, ७.३५च येईल. मी ही ताडणी प्रत्येक वेळी करते. ती जुळली नाही तर कुठेतरी वेगळीच लिस्ट निवडली गेलेली असते.

आरबद्दल. तो उणे १ आणि १ यांच्यामध्ये असतो. चिन्हावरून रेषा चढते की उतरते ते कळतं, आणि १च्या किंवा उणे १च्या जितका जवळ, तितके ठिपके रेषेला चिकटून. आपला ०.९९६१ आहे. बहुतेक जण इथे पेन खाली ठेवतात. पण मोठा आर म्हणजे रेषा योग्यच आहे, असं होत नाही. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये चार छोटे संच मांडले होते. चारही संचांची रेषा तीच, ३ अधिक ०.५ एक्स, आणि आरही तोच, ०.८१६च्या आसपास. चित्र काढलं की एक संच खरोखर सरळ, दुसरा चक्क वाकलेला, तिसऱ्यात एक ठिपका उडालेला, आणि चौथ्यात एक सोडून सगळे ठिपके एका उभ्या ओळीत. नुसत्या आरवरून यातलं काहीच कळत नाही.

उरलेल्या फरकांचं चित्र

म्हणून रेषा काढल्यावर आणखी एक चित्र काढायचं. प्रत्यक्ष आकड्यातून रेषेचा आकडा वजा केला की जो फरक उरतो त्याला रेसिड्युअल म्हणतात. टीआय हे फरक स्वतःहून 'रेसिड' नावाच्या लिस्टमध्ये ठेवतं. 'स्टॅट प्लॉट'मध्ये जा, एक्सलिस्ट एल१च ठेवा, वायलिस्टच्या जागी 'सेकंड', 'स्टॅट' दाबून 'रेसिड' निवडा. वाय१ तात्पुरतं बंद करा: 'वाय=' पडद्यावर बरोबरच्या चिन्हावर कर्सर नेऊन 'एंटर'. मग 'झूम' ९. या लिस्टमध्ये कायम सगळ्यात शेवटी केलेल्या रिग्रेशनचे, म्हणजे रेषा बसवण्याच्या हिशेबाचे, फरक असतात, हे विसरू नका.

आपले फरक कोटींत असे येतात: ०.३२, मग उणे ०.०८, उणे ०.३३, उणे ०.२०, मग ०.११, ०.१८. त्यांची बेरीज शून्य येते, ती नेहमीच येते. बघायचं ते चिन्हांकडे. एक अधिक, तीन उणे, दोन अधिक. ठिपके वाटीसारखे दिसतात: कडा वर, मध्य खाली. रेषा खरोखर शोभत असती तर हे ठिपके शून्याच्या वरखाली कसेही विखुरलेले असते. वाटी दिसली की समजायचं, खऱ्या वाढीला बाक आहे आणि सरळ रेषेत तो बसलेला नाही. सुरुवातीला मधले ठिपके दबलेले वाटले होते, ती शंका खरी होती.

बाक कसला तेही आकड्यांत दिसतं. दर दशकाची भर कोटींत: १.०८, १.२४, १.६१, १.८०, आणि शेवटी १.५५. चार दशकं भर वाढत गेली आणि २००१ ते २०११मध्ये घटली. टक्केवारीत सांगायचं तर १९६१–७१च्या दशकात वाढ २७.४५ टक्के होती, २००१–११मध्ये १५.९९ टक्के.

मग वाकडी रेषा घ्यायची का? 'स्टॅट', 'कॅल्क', ० दाबलं की 'एक्स्परेग' मिळतं, चक्रवाढीचं वक्र. आर-वर्ग ०.९९५२ येतो, सरळ रेषेच्या ०.९९२२पेक्षा जास्त. विद्यार्थी लगेच ठरवतात, हेच चांगलं. जरा थांबा. चक्रवाढीच्या वक्रासाठी यंत्र लोकसंख्येचा लॉगॅरिदम घेऊन त्याला सरळ रेषा लावतं, आणि आर-वर्गही त्या लॉगॅरिदमचाच असतो. म्हणजे हे दोन आर-वर्ग वेगवेगळ्या मापांनी मोजलेले आहेत. कोटींतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज करून पाहिली तर सरळ रेषेची ०.३० येते आणि वक्राची ०.३३. तिथे सरळ रेषाच थोडी बरी ठरते! आणि २०११च्या ठिपक्यापाशी वक्र ११.७१ कोटी सांगतं, मोजणीपेक्षा ४७ लाख जास्त, कारण ओसरणारा वेग त्याला ठाऊक नाही. २०२१साठी ते १४.४७ कोटी म्हणतं. एका दशकात सव्वातीन कोटी वाढले असं मानावं लागेल, आणि आजवरची सर्वांत मोठी भर १.८० कोटीची आहे. मी ते स्वीकारणार नाही.

अंदाज काढताना

सरळ रेषेवरून २०२१साठी एक्स ६०. मुख्य पडद्यावर 'व्हार्स', 'वाय-व्हार्स', १, १ असं करून वाय१ आणा, पुढे कंसात ६० लिहा, 'एंटर'. उत्तर १२.५४६, म्हणजे सुमारे १२.५५ कोटी. ग्राफवरूनही काढता येतं: 'सेकंड', 'ट्रेस', १ 'व्हॅल्यू', मग ६०. पण 'झूमस्टॅट'नं बेतलेली खिडकी ५५ला संपते, त्यामुळे एरर येईल. आधी 'विंडो'त 'एक्समॅक्स' ७० करा.

आता सुरुवातीला राहिलेला हिशेब. समजा तुम्ही सालं जशीच्या तशी भरली असती. चढ तोच राहिला असता, ०.१४८५. अंतःखंड मात्र उणे २८७.४९ आला असता, कारण ती रेषा थेट इसवी सन शून्यापर्यंत मागे नेलेली असते. त्या आकड्याला अर्थ काहीच नाही. पण खरा धोका पुढे आहे. गृहपाठात मुलं चढ दोन दशांशांपर्यंत लिहितात: ०.१५. मग ०.१५ गुणिले २०२१ वजा २८७.४९ करतात आणि उत्तर येतं १५.६६ कोटी. तीन कोटींहून मोठी चूक, आणि तीही केवळ दीड हजारांश गोळाबेरजेमुळे, कारण ती २०२१ने गुणली गेली. आपल्या पद्धतीत तीच गोळाबेरीज केली तर ०.१५ गुणिले ६० अधिक ३.६४, म्हणजे १२.६४ कोटी. चूक दहा लाखांच्या आतबाहेर. म्हणून सालं शून्यापासून मोजायची, समीकरण वाय१मध्ये साठवायचं, आणि आकडे गोल करायचे ते अगदी शेवटच्या उत्तरात.

रेषा मागेही नेऊन बघा. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१मध्ये ३.२० कोटी माणसं होती. एक्स उणे १० घातला तर रेषा २.१५ कोटी सांगते. (उणे १० लिहिताना वजाबाकीचं बटण नव्हे, कंसात आडवी रेघ असलेलं बटण दाबायचं. नाहीतर एरर येते.) १९२१साठी, म्हणजे उणे ४०साठी, ती उणे २.३० कोटी म्हणते, आणि १९२१ची खरी गणती २.०८ कोटी आहे. रेषेच्या मते १९३६च्या सुमारास या मातीत एकही माणूस नव्हता. आर ०.९९६ असलेल्या रेषेनं सांगितलेली ही गोष्ट आहे. तुमच्या आकड्यांच्या मर्यादेत, म्हणजे १९६१ ते २०११मध्ये, रेषेवर बराच भरवसा ठेवता येतो. १९७६ची लोकसंख्या हवी असेल तर एक्स १५ घाला, बिनघोर. मर्यादेबाहेर एक पाऊल टाकलं की जपून, आणि चार पावलं टाकू नयेतच.

जिथे हात अडतो

'डिम मिसमॅच' असं आलं तर दोन लिस्टमध्ये आकड्यांची संख्या सारखी नाही. एक सुटला आहे किंवा दोनदा भरला आहे. 'इनव्हॅलिड डिम' बहुधा तेव्हा येतं, जेव्हा स्टॅट प्लॉट चालू असतो आणि त्याची लिस्ट रिकामी असते. हे भलत्याच वेळी, त्रिकोणमितीचा ग्राफ काढताना येतं आणि मूल गोंधळून जातं. काम झालं की प्लॉट 'ऑफ' करून ठेवायची सवय लावा.

एरर न देणारी चूक सगळ्यात वाईट. मुद्दाम करून बघा: ११.२४च्या जागी १.१२४ भरा. यंत्र तक्रार करणार नाही. चढ ०.१४८५वरून ०.००३९वर येईल, रेषा जवळजवळ आडवी. एका दशांश चिन्हानं पन्नास वर्षांची वाढ पुसून टाकली. लांबच्या ठिपक्याचा भार वर्गामुळे जास्त, असं सुरुवातीला म्हटलं ते हेच. त्यातून तो टोकाचा ठिपका असला तर तो रेषेला तरफेसारखा उचलतो किंवा दाबतो. पाचव्या पायरीनंतर थांबून चित्र बघितलं असतं तर हा घसरलेला ठिपका तिथेच दिसला असता.

उत्तर लिहिताना नुसतं '१२.५५' लिहू नका. परीक्षक काय बघतात तेवढं तरी असू द्या: एक्स आणि वाय म्हणजे काय, कुठल्या एककात, समीकरण, चार दशांशांपर्यंत, आर, चढाचा अर्थ एका वाक्यात, आणि अंदाज मर्यादेच्या आतला की बाहेरचा. मी असं लिहीन: '२०२१मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १२.५ कोटी असावी. हा अंदाज आकड्यांच्या मर्यादेबाहेर दहा वर्षं गेलेला आहे, आणि शेवटच्या दशकात वाढीचा वेग कमी झालेला दिसतो, त्यामुळे खरा आकडा याहून कमी निघू शकतो.'

पुढे ढकललेल्या जनगणनेसाठी आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. महाराष्ट्राचा आकडा जाहीर झाला की एल१मध्ये ६६ आणि एल२मध्ये तो आकडा भरा. आपली आजची रेषा त्या दिवसासाठी १३.४४ कोटी सांगते आहे. हा आकडा आत्ताच वहीत लिहून ठेवा, म्हणजे तेव्हा फरक काढता येईल.